लढाई आणि क्वेस्ट वेगळ्या रकान्यांत मोजणाऱ्यांना खुलं पत्र

गेम रिव्ह्यू करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

परवा एका नव्या ओपन वर्ल्ड आरपीजीचे (म्हणजे मोकळ्या जगात हिंडत आपलं पात्र घडवायच्या गेमचे) सात-आठ रिव्ह्यू लागोपाठ वाचले. गेमचं नाव सांगत नाही, कारण तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. जवळजवळ प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी तोच तक्ता होता: ग्राफिक्स, संगीत, कॉम्बॅट (लढाई), क्वेस्ट (खेळाडूला दिलेली कामगिरी), आणि पुढे आकडे. एकाने लिहिलं होतं, कॉम्बॅट ८, क्वेस्ट ९. मी तोवर तो गेम चाळीस तास खेळलो होतो. त्यातले शेवटचे दहा-बारा तास मला तलवार उपसायचा कंटाळा येत होता आणि क्वेस्टमध्ये तलवार उपसण्याखेरीज करायला काही नव्हतं. लढाईला आठ, क्वेस्टला नऊ, आणि खेळणारा जांभया देतोय.

म्हणून हे पत्र. मी समीक्षक नाही. वीसेक वर्षं हे गेम खेळत आलोय, तेही सावकाश, आणि एकदा हौसेने स्कायरिम या गेमसाठी स्वतः क्वेस्ट बनवायला बसून तोंडावर आपटलोय. (ती गोष्ट पुढे सांगतो.) माझं म्हणणं असं की या प्रकारच्या गेममध्ये लढाई आणि क्वेस्ट यांना वेगवेगळे मार्क देताच येत नाहीत. क्वेस्ट लढाईला कारण देते आणि लढाईत जे घडतं त्याने क्वेस्टला काहीतरी फरक पडावा लागतो. हा सांधा जिथे निखळतो तिथे गेम कंटाळवाणा होतो, आणि तुमच्या तक्त्यात नेमका त्या सांध्याला रकाना नाही.

आधी लढाई घेऊ. ‘कॉम्बॅट स्मूथ आहे’, ‘वाराला वजन आहे’, ‘फिनिशर भारी आहेत’. हे पहिल्या तीन तासांत कळतं आणि बऱ्याच रिव्ह्यूंत लढाईबद्दल एवढंच असतं. शितावरून भाताची परीक्षा जरूर करा, पण आधी भात शिजू तरी द्या. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर काय उरतं, हा पन्नास-साठ तासांच्या गेमला विचारायचा पहिला प्रश्न.

‘विचर ३’ (२०१५) घ्या, माझा लाडका गेम आहे म्हणूनच घ्या. सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्डमध्ये तीन घूल अंगावर आले की खरोखर विचार करावा लागतो. पाठ कोणाकडे आहे, मागे सरकायला जागा आहे का, तलवारीला तेल लावलंय का. त्यात राक्षसांची माहिती देणारी बेस्टियरी आहे: कोणत्या प्राण्यावर कोणतं तेल चालतं, कोणतं चिन्ह (म्हणजे छोटी जादू) चालतं, कोणता बाँब चालतो. विचर हा पैसे घेऊन राक्षस मारणारा व्यावसायिक आहे, ही गोष्ट खेळाडूच्या हातात आणून देणारी ती सुंदर कल्पना. पण मधल्या डिफिकल्टीवर खेळताना क्वेन या संरक्षक चिन्हावर चार गुण खर्च केले की बेस्टियरी उघडायचं कारणच उरत नाही. क्वेन, दोन वार, बाजूला उडी, पुन्हा क्वेन. समोर ग्रिफिन असो की दरोडेखोर, पळसाला पाने तीनच. सगळ्यात वरच्या डिफिकल्टीवर मात्र तीच बेस्टियरी वाचल्याशिवाय पाऊल टाकवत नाही, आणि लढाईची तयारी हा क्वेस्टचाच भाग होऊन बसतो.

म्हणजे एकाच गेमची दोन वेगळी डिझाइन्स तुमच्यापैकी दोघांनी पाहिलेली असू शकतात. तरी कोणत्या डिफिकल्टीवर खेळलो, हे एक वाक्य रिव्ह्यूत सापडत नाही. लिहायला कितीसा वेळ लागतो?

माझ्या मते लढाईला विचारायचा प्रश्न सोपा आहे: हिने मला काय ठरवायला लावलं? ‘एल्डन रिंग’ (२०२२) मध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, उभा असतो. काठी वर उचलतो. इथवर आलेल्या खेळाडूच्या बोटांना एक सवय लागलेली असते: शस्त्र वर गेलं की डॉज, म्हणजे चटकन बाजूला. तुम्ही डॉज करता, लोळण घेऊन उठता, आणि बघता तर काठी अजून वरच. मग ती खाली येते. पहिल्यांदा वाटतं, ही सरळसरळ फसवणूक आहे. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात येतं की काठी वर जाण्याकडे बघायचंच नव्हतं, ती खाली यायला लागते त्या क्षणाकडे बघायचं होतं.

यामागे साधा हिशेब आहे. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. डोळ्याने बघून बोटाने बटण दाबायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे पंधराएक फ्रेम. शत्रूची पूर्वसूचना त्याहून छोटी असेल तर तो वार बघून चुकवता येत नाही, पाठच करावा लागतो. त्याहून बरीच मोठी असेल तर प्रश्न वेगाचा राहत नाही, धीराचा होतो. मार्गिट धीराची परीक्षा घेतो. ‘अवघड आहे’ आणि ‘अन्यायकारक आहे’ यांतला फरक इथे, या फ्रेममध्ये सापडतो. वीस वेळा मेलो म्हणून चिडून लिहिलेल्या परिच्छेदात तो सापडत नाही. (हेच तंत्र पुढे इतके बॉस वापरतात की त्याची खोड होते, हेही लिहायला हवं होतं. फार थोड्यांनी लिहिलं.)

आणि मार्गिटबद्दलची खरी गोष्ट पुढेच आहे. तो जमत नसेल तर पाठ फिरवता येते. घोड्यावर बसायचं, दक्षिणेला जायचं, अख्खा द्वीपकल्प हिंडायचा, शस्त्र सुधारायचं, आठ-दहा लेव्हल वाढवायच्या आणि मग परत यायचं. या गेममध्ये डिफिकल्टी बदलायचा पर्याय मेनूत नाही, तो नकाशावर आहे. ज्याने मार्गिटपाशी खुंटा ठोकून सहा तास डोकं आपटलं आणि मग ‘डिफिकल्टी असमतोल’ असं लिहिलं, त्याने लढाई तपासली, पण तिच्या भोवतीचं जग तपासायचं राहून गेलं.

याच्या उलटं उदाहरण ‘ऑब्लिव्हियन’चं (२००६). तिथे तुमची लेव्हल वाढली की रस्त्यावरचे लुटारूही वाढतात. शेवटी शेवटी काचेचं महागडं चिलखत घालून एखादा तुम्हाला अडवतो आणि शंभर नाणी मागतो. अंगावरचं चिलखत विकलं असतं तर बिचाऱ्याला आयुष्यभर कुणाला लुटावं लागलं नसतं. या गमतीवर सगळे हसले, पण ती ‘कॉम्बॅटचा तोल’ या सदरात टाकली गेली. खरा तोटा क्वेस्टचा झाला होता. गावकऱ्यांना छळणारी टोळी कधीही गेलात तरी तुमच्याच मापाची असेल, तर आधी जाणं धाडसाचं ठरत नाही आणि तयारी करून जाणं शहाणपणाचंही ठरत नाही. क्वेस्ट देणारा डोळ्यांत पाणी आणून सांगतो की ते फार भयंकर आहेत, आणि आकडे खाली हळूच सांगतात की तुझ्याएवढेच आहेत.

जुन्या गेमवर लिहिताना तुम्ही ‘कॉम्बॅट कालबाह्य’ असा शिक्का मारता, तोही जरा सांभाळून मारा. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि गेम म्हणतो, चुकला. कारण वार लागतो की नाही हे पडद्यामागचा फासा ठरवतो, आणि त्या फाशात तुमचं त्या शस्त्रातलं कौशल्य आणि अंगातला थकवा मोजलेला असतो. पळत पळत जाऊन पहिल्याच खेकड्यावर खंजीर चालवला की दहातले सात वार हवेत. नवा माणूस तिथेच गेम बंद करतो. नियम वाईट होता का? धापा टाकत लढू नकोस, न शिकलेलं शस्त्र हातात धरू नकोस, हा नियम चांगलाच आहे. वाईट होतं ते दाखवणं. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या ‘गॉथिक’ने (२००१) जवळपास हीच गोष्ट डोळ्यांना दाखवली होती. त्यातला अडाणी नायक एकहाती तलवार दोन्ही हातांनी धरून लाकूड फोडल्यासारखी चालवतो. गुरूकडून शिकला की त्याची उभं राहायची ढबच बदलते. एका गेमने अडाणीपण अंगात दाखवलं, दुसऱ्याने आकड्यांत लपवलं. दोघांवर एकच शिक्का कसा मारता?

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ने (२०१८) हाच धागा पुढे नेला. १४०३ मधल्या बोहेमियातला लोहाराचा पोरगा हेन्री, त्याला तलवार धड धरता येत नाही. पहिले काही तास त्याच्याबरोबर तुम्हीही मार खाता, मग सराव, मग पुन्हा मार. पाचव्या तासाला ‘कंट्रोल गचाळ’ असं लिहून मोकळे झालेले रिव्ह्यू मी वाचलेत. हेन्री गचाळच आहे हो, गोष्टच त्याची आहे. मात्र मला त्या गेमचा एक दोष ठामपणे सांगावासा वाटतो. मास्टर स्ट्राइक (समोरच्याचा वार अडवून त्याच क्षणी उलटा वार) शिकल्यावर स्वतः हल्ला करण्यापेक्षा समोरच्याची वाट बघत उभं राहणं फायद्याचं ठरतं आणि मेहनतीने शिकवलेलं सगळं दिशांचं तलवारकौशल्य धूळ खात पडतं. हा दोष पाचव्या तासाला दिसूच शकत नाही. तिथवर पोचावं लागतं.

आता क्वेस्ट. इथे माझी तक्रार जरा जास्त आहे.

तुम्ही क्वेस्टबद्दल लिहिता तेव्हा कथेबद्दल लिहिता. पात्रं खोल आहेत, संवाद धारदार आहेत, निर्णय काळे-पांढरे नाहीत. हे सगळं लेखनाचं कौतुक झालं. क्वेस्ट म्हणजे खेळाडूने काय केलं ते. ‘विचर ३’मधल्या ब्लडी बॅरनचं नाव प्रत्येक यादीत असतं आणि असायलाच हवं. पण त्या क्वेस्टमध्ये आपण करतो काय? बराच वेळ विचरची नजर लावून लाल चमकणाऱ्या पावलांमागे चालतो, चमकणाऱ्या वस्तूवर बटण दाबतो, आणि नायक जेराल्ट आपल्याला सांगतो की आपण काय शोधून काढलं. शोध त्याने लावला, आपण त्याला फिरायला नेलं.

आणि तरीही त्याच क्वेस्टमध्ये असा एक तुकडा आहे की जो मी कुणाही डिझायनरला दाखवीन. (खेळला नसाल तर हा परिच्छेद सोडा.) बॅरन या सरदाराचं जन्माआधीच गेलेलं, नाव न ठेवता पुरलेलं मूल राक्षस होऊन उठलंय. त्याच्याशी सरळ लढून मोकळं होता येतं. किंवा बॅरनला ते कवेत घेऊन घरापर्यंत चालत जावं लागतं. वाटेत प्रेतात्मे चाल करून येतात, त्यांच्याशी आपण लढायचं, आणि लढता लढता मूल चवताळायला लागलं की ॲक्सी चिन्ह वापरून त्याला शांत करायचं. ॲक्सी हे एरवी शत्रूला गुंगवायचं चिन्ह. वीस तास आपण ते वापरतो समोरचा सुन्न झाला की वार घालायला. तेच बटण इथे अंगाईसारखं वापरायचं. एकही संवाद न वाढवता लढाईतली एक सवय क्वेस्टने उलटी फिरवली. तुमच्या तक्त्यात याचे मार्क कॉम्बॅटला जातील की क्वेस्टला?

असा तुकडा वर्षातून एखाद्या गेममध्ये एखादा सापडतो. तो सापडला की त्यावर दोन परिच्छेद लिहा, ग्राफिक्सला एक ओळ पुरे.

आता माझी फजिती. स्कायरिमचं क्रिएशन किट हे मॉडिंगचं साधन मोफत मिळायचं. मी ठरवलं, एक छोटी क्वेस्ट करू. एक म्हातारा, त्याची हरवलेली अंगठी, एक गुहा, आत चार ड्रॉगर, म्हणजे चालती प्रेतं. या साधनात क्वेस्टला टप्पे असतात आणि मध्ये काही घालायचं झालं तर जागा राहावी म्हणून त्यांना १०, २०, ३० असे आकडे द्यायची पद्धत आहे. दहा: म्हाताऱ्याशी बोला. वीस: अंगठी मिळवा. तीस: परत द्या. दोन संध्याकाळींत झालं. मित्राला खेळायला दिलं. त्याने म्हाताऱ्याला भेटण्याआधीच गुहा साफ केली, अंगठी उचलली आणि वाटेतल्या पहिल्या दुकानात विकून टाकली. मग म्हाताऱ्याकडे गेला. म्हातारा म्हणाला, त्या गुहेत फार भयंकर प्रेतं आहेत, जपून जा.

मी दुरुस्ती करायला बसलो. अंगठी आधीच खिशात असेल तर? विकली असेल तर? मित्राने पुढच्या खेपेला म्हाताऱ्यालाच मारलं. तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात: म्हाताऱ्याच्या नोंदीत ‘इसेन्शियल’ या चौकटीत खूण केली. आता त्याला कितीही मारा, तो गुडघ्यावर बसतो, दम घेतो आणि उठतो. क्वेस्ट वाचली, पण मित्राच्या तलवारीची किंमत शून्य झाली. एक अंगठी शोधून आणायची क्वेस्ट, तिच्यात मी ‘असं झालं तर’ चे अकरा फाटे मोजले आणि त्यातले चार करून हात टेकले. त्या दिवसापासून ‘साधी फेच क्वेस्ट’ हा शब्द मी जपून वापरतो. वस्तू आणायला सांगणं हा आळस नसतो. कशीही आणली तरी जगाला पत्ता लागत नाही, तो आळस.

मॉरोविंडने हा प्रश्न कसा सोडवला बघा. मुख्य कथेला लागणारा माणूस तुम्ही मारलात तर तो मरतो. मग पडद्यावर एक संदेश येतो की भाकिताचा धागा आता तुटला, जुना सेव्ह उघडा किंवा तुम्हीच घडवलेल्या या मोडक्या जगात राहा. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ने (२०१०) वेगळी वाट काढली. लहान मुलं आणि अगदी थोडे अपवाद सोडले तर कुणालाही मारा, कुठल्याही गटाशी वैर घ्या, तरी मुख्य कथा पुढे न्यायला यस मॅन नावाचा एक रोबो उरतोच. त्याला फोडलात तर तो दुसऱ्या शरीरात हसतमुखाने परत येतो, आणि परत का येतो याला कथेत कारण आहे. शेवटी लिजेट लेनियससारखा बॉस समोर असताना, बोलण्याचं कौशल्य पुरेसं वाढवलेलं असेल तर त्याला न लढता माघारी पाठवता येतं. ज्याने सगळे गुण जिभेवर खर्च केले त्याच्यासाठी तीच लढाई. न्यू व्हेगसमधल्या गोळीबाराला मी स्वतः फार मार्क देणार नाही. पण कॉम्बॅट आणि क्वेस्ट यांच्या सांध्याला द्यायचे असतील तर हातचं राखून ठेवणार नाही.

याउलट स्कायरिममधलं (२०११) विंटरहोल्डचं जादूचं महाविद्यालय. प्रवेशाला एक मंत्र म्हणून दाखवायचा, मधे दोन-चार ठिकाणी सोपे मंत्र वापरायचे, बाकी सगळं कुऱ्हाडीने उरका. शेवटी तुम्हाला तिथला प्रमुख, आर्चमेज, करतात. अंगात लोखंडी चिलखत, हातात दोन हातांची कुऱ्हाड, आणि झगेवाले प्राध्यापक आदराने मान लववतात. कथा ठीकठाक आहे, लढाईही स्कायरिमच्या मानाने ठीक. दोन्ही रकान्यांत सात-सात पडतील. पण तुम्ही कोण आहात हे क्वेस्टने एकदाही विचारलेलं नसतं.

मार्करबद्दल, म्हणजे कुठे जायचं ते दाखवणाऱ्या खुणेबद्दल, बोललंच पाहिजे. एक साधी चाचणी करा: सेटिंगमध्ये जाऊन मार्कर बंद करा आणि कोणतीही एक साइड क्वेस्ट फक्त लोकांचं बोलणं आणि जर्नल यांवर पूर्ण करून बघा. मॉरोविंडमध्ये मार्कर नव्हताच. सुरुवातीला आर्कन्थँड नावाच्या अवशेषातून एक पेटी आणायला सांगतात. रस्ता शब्दांत: या किल्ल्यावरून, जुना पूल ओलांडून. पोचल्यावर दार उघडायची चक्री दाराला नाही, बाहेरच्या पाइपावर. आणि पेटी एवढीशी की फळीवर समोर असून दिसत नाही. मी त्या पेटीला शिव्या घातल्यात, पण तो रस्ता मला आजही आठवतो. स्कायरिममध्ये हीच चाचणी बऱ्याच क्वेस्टना झेपत नाही, कारण जर्नलमध्ये कुठे जायचं ते लिहिलेलंच नसतं. सगळी भिस्त बाणावर. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ने (२०१८) एक्सप्लोरेशन मोड दिला, त्यात मार्करऐवजी ‘अमक्या प्रांतात, तमक्या ठिकाणाच्या दक्षिणेला’ असे धागे मिळतात. कल्पना चांगली, पण जवळ पोचल्यावर गरुड वर सोडून खूण करायची ती करायचीच.

यावरून मार्कर नसणं म्हणजे मोठेपणा, असा सूर लावणारेही आहेत तुमच्यात. तेही खरं नव्हे. एल्डन रिंगमध्ये क्वेस्टची नोंद ठेवायलाच काही नाही. कोण कुठे भेटला होता आणि आता कुठे गेला, हे लक्षात ठेवायचं काम तुमचं. मार्च २०२२ मधल्या अपडेटने भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर यायला लागल्या, म्हणजे बनवणाऱ्यांनाही काहीतरी खुपलंच असणार. शोधणं आणि चाचपडणं यांत फरक आहे. शोधताना हातात धागा असतो. तो धागा गेमने दिला की नाही, एवढं बघून सांगा.

नकाशा भरून काढण्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये (२०१४) हिंटरलँड्स या पहिल्याच मोठ्या प्रदेशात लोक इतके अडकले की ‘अरे, तिथून निघा’ हा एकमेकांना द्यायचा सल्ला होऊन बसला. ‘डायिंग लाइट २’ संपूर्ण खेळायला पाचशे तास लागतील अशी जाहिरात कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये केली आणि लोक खूश व्हायच्या ऐवजी धास्तावले. तास हे गुण नव्हेत. पाट्या टाकलेल्या क्वेस्ट पन्नास असोत की पाचशे.

तुमचीही बाजू मला ठाऊक आहे. गेम हातात येतो, रिव्ह्यूची तारीख ठरलेली असते, मध्ये आठवडा मिळाला तर नशीब. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा आधीचे रिव्ह्यू पीसीवरचे होते. जुन्या कन्सोलवर तो कसा चालतो हे लोकांना विकत घेतल्यावर कळलं, आणि आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. २०२३ च्या २.० अपडेटने कौशल्यांची झाडं आणि पोलिसांची वागणूक नव्याने घडवली, म्हणजे लढाई जवळपास वेगळीच झाली. पण २०२० चे आकडे तिथेच आहेत. आकड्याचं ओझं तुम्हाला वाटतं त्याहून जड असतं हेही लक्षात असू द्या. न्यू व्हेगसच्या वेळी मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या साइटवर ८५ मिळाले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता, पडले ८४, असं त्या कंपनीच्या क्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. एका मार्काने हुकला. तुमच्यापैकी कुणीतरी गोळीबाराला सहा दिले असतील आणि सांध्याला काही दिले नसतील, कारण रकाना नव्हता.

तेव्हा मागणी अशी. तक्ता हवा तर ठेवा, पण त्याच्या वर चार ओळी लिहा: किती तास खेळलात, मुख्य कथा संपवली का, डिफिकल्टी कोणती, तुमचं पात्र तलवारीचं होतं, जादूचं की बोलघेवडं. मार्कर चालू होते की बंद. मग एक क्वेस्ट निवडा, मुख्य कथेतली नको, आणि ती मोडायचा प्रयत्न करा. देणाऱ्याला मारून बघा, वस्तू आधीच उचलून बघा, न लढता जमतं का बघा. काय झालं ते लिहा. आणि चाळिसाव्या तासाची एक लढाई, कोणतीही, रस्त्यावरची फुटकळ चालेल, अशी सांगा की तुमच्या बोटांनी काय केलं आणि का, ते मला दिसेल. तेवढं वाचून गेम घ्यायचा की नाही ते मी ठरवीन, आकडा नसला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सावकाश खेळणारा

ता. क. ‘विचर ३’मध्ये स्केलिगच्या समुद्रात तस्करांची पिंपं तरंगतात, नकाशावर नुसती प्रश्नचिन्हं. शिडाची होडी हाकत जायचं, वरून झेपावणाऱ्या सायरन बाणाने पाडायच्या, बुडी मारायची, पिंप उघडायचं, पुढचं प्रश्नचिन्ह. मी सगळी काढली. का काढली ते विचारू नका. पण यावर कुणी प्रामाणिक रिव्ह्यू लिहिला तर मला जरूर पाठवा.